आजोबांच्या रेकॉर्डी वाजवायच्या की जपून ठेवायच्या? (जुनं संगीत, हातकाम आणि जुना ठेवा)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी,
सांगलीत गावभागातलं आमचं जुनं घर आवरायला घेतलंय. माळ्यावरून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन निघाला, पत्र्याच्या ट्रंका भरून ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्डी निघाल्या, आजीनं शिवलेल्या वाकळा, भोपळ्याला चीर गेलेला एक तंबोरा आणि एका बटव्यात काळी पडलेली तांब्याची नाणी. मला जुन्या गाण्याचं पहिल्यापासून वेड, त्यामुळं बाकीचा पसारा तसाच टाकून आधी ग्रामोफोन पुसला, चावी दिली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ठुमरी लावली. खरखर आहेच, पण त्या खरखरीतून तो आवाज असा काही वर येतो की घरात जो जिथं असेल तो तिथंच थांबला.

आता वाद असाय की धाकट्या भावाचं म्हणणं, या रेकॉर्डी परत मिळणार नाहीत, दर वेळी वाजवली की झिजते, तेव्हा काचेच्या कपाटात ठेव आणि गाणं यूट्यूबवर ऐक. वाकळा पण प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायच्या म्हणतो. माझं मत बरोबर उलटं आहे. वस्तू ज्या कामासाठी केली त्या कामात राहिली तरच घरातल्यांचा तिच्यावर जीव राहतो, नुसती जपलेली वस्तू पुढच्या आवराआवरीत भंगारात जाते हे मी आजूबाजूच्या घरांत बघितलंय. तुमच्यापैकी कुणाला जुनं संगीत, हातानं केलेल्या वस्तू, जुनं काही गोळा करणं यातला कसलाही नाद असेल तर सांगा, तुम्ही वापरता की जपता?

हळदीचं पोतं
मी विश्रामबागला राहतो. रोज संध्याकाळी चावी द्यायला येतो, चहा तुमचा.

फिरती तबकडी
भावाचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई जिथं बसते तो भाग, रेकॉर्डवर शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो, इलेक्ट्रिक प्लेअरचं पिकअप काही ग्रॅमचंच असतं. ७८ची रेकॉर्ड म्हणजे लाख आणि त्यात दगडाची बारीक भुकटी. ती भुकटी मुद्दाम घातलेली, स्टीलची सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. त्यामुळंच जुनी माणसं एका बाजूला एक सुई असा नियम पाळायची. वापरलेली सुई दुसऱ्या बाजूला लावली की तिला आलेली धार खाच खरवडत जाते. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा, खाचा काळ्या चकचकीत असतील तर ती कमी वाजलीय, करड्या दिसल्या तर समजा भरपूर झिजलीय.

मी स्वतः असं करतो. जी रेकॉर्ड सहज मिळते, म्हणजे बालगंधर्वांची नाट्यपदं, ती घरोघरी असायची, ती ग्रामोफोनवर नवी सुई लावून खुशाल ऐकायची. जी दुर्मिळ वाटते तिला फक्त इलेक्ट्रिक प्लेअर, आणि त्यावर ७८ची वेगळी सुई लावून. एलपीची सुई बारीक असते, ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाला लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. एकदा नीट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या की मन मोकळं होतं.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा, ७८ पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, रेकॉर्ड तिथल्या तिथं खराब होईल. मऊ ब्रश, अगदी सौम्य साबणाचं थोडं पाणी, लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच सुती फडक्यानं टिपायचं. ट्रंकेत एकावर एक आडव्या ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा.

वाईकर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. घर म्हणजे म्युझियम नाही. आमच्या वाड्यात घंगाळं, बंब, समया, अडकित्ते, पानदान, काय नाही ते साठवलंय आणि राहायला जागा नाही. वापरूही शकत नाही आणि टाकूही देत नाहीत. खरोखर मोलाचं असेल तर संग्रहालयाला द्यावं. साताऱ्याकडच्या औंधला जाऊन या एकदा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी डोंगरावर ते भवानी संग्रहालय उभं केलं, एका लहान संस्थानात राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प नांदतंय. हजारो माणसं बघतात. तुमच्या कपाटातली रेकॉर्ड कोण बघणार?

कृष्णाकाठ
वाईकर, राग कसला. औंध बघितलंय आणि दर वेळी नवीन काहीतरी सापडतं तिथं. पण संग्रहालय प्रत्येक घरातली प्रत्येक रेकॉर्ड घेणार नाही ना. आणि घंगाळ्याचं म्हणाल तर दिवाळीत पहिल्या आंघोळीला काढा की बाहेर, पोरांना कळू दे.

वाईकर
घंगाळं काढतो हो, पण ते चिंचेनं घासायला कोण येणार ते सांगा.

हळदीचं पोतं
मी नाही. मी फक्त चावी देतो.

चौथी तार
मी मिरजेचा, त्यामुळं तंबोऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. भोपळ्याला चीर म्हणजे तंबोरा मेला असं अजिबात नाही. मिरजेत सितारमेकर गल्लीत नेऊन दाखवा. चीर आतून बाहेरून बघून कापड किंवा भोपळ्याचाच तुकडा चिकटवून घेतात, वरून पुन्हा पॉलिश करतात, आवाजात फारसा फरक पडत नाही. तोपर्यंत तारा सैल करून ठेवा. चार तारांचा ताण सतत दांडीवर आणि तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) असतो, चीर वाढायला तेवढं पुरतं.

आमच्याकडं ही कला शिकलगारांच्या घरांतून आली. तलवारींना धार लावणारे हात, एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झाल्यावर वाद्यांकडं वळले. फरीदसाहेब सितारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून, खायचा नव्हे, जाड सालीचा कडू. तो वाळवून, तोंड कापून, दांडीला गळ्यानं जोडायचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं.

पण खरी गंमत जवारीची, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून आवाज जुळवण्याची. घोडीचा माथा सपाट दिसतो पण तो किंचित उतरता असतो, तार त्या उतारावर हलकी टेकून हलते म्हणून तो झणकार येतो. कारागीर कानशीनं एक हलका हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, परत एक हात. असं तासन् तास चालतं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढं गेला की आवाज बंद, केसभर मागं आला की असा उघडतो की एका तारेतून तुम्हाला गंधार ऐकू येतो, जो कुणी वाजवलेलाच नसतो. वाजवून वाजवून तारांच्या रेघा घोडीवर पडतात, मग जवारी परत काढावी लागते. म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या बाजूनं. तुम्ही तंबोरा वाजवला तर काही वर्षांनी जवारीला आणणार, तुम्ही आणला तर त्या माणसाचा हात चालणार, पोरगा त्याच्याशेजारी बसून शिकणार. सगळ्यांनी काचेत ठेवले तर जवारी काढणारा राहणार कशावर? सध्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं आणि मोबाइलच्या अॅपनं तसंही निम्मं काम नेलंय.

धावदोरा
चौथी तार, किती छान लिहिलंय! हेच वाकळेचं.

कृष्णाकाठताई (की दादा?), प्लास्टिकमध्ये बांधायचं असेल तर भावाला सांगा, आत दमट राहून बुरशी येते आणि जुनं सूत घडीवर तुटतं. जुन्या सुती साडीत गुंडाळा, घडी मधूनमधून बदला, पावसाळा संपला की सावलीतला वारा द्या.

माझी आजी कराडजवळची. लुगडी विरली की ती थरावर थर टाकून मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवायची, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात आत आत जायची. मध्यापाशी येईपर्यंत कापड कुठं फुगता कामा नये, हे सगळं कसब. शेजारणी चार बाजूंनी बसून गाणी म्हणत शिवायच्या. मी आता तशीच शिवते, घरच्या जुन्या साड्यांची. तिची एक वाकळ भिंतीवर नाही लावली, ती थंडीत लेकाच्या अंगावर असते. जिथं फाटते तिथं मी ठिगळ लावते आणि ठिगळाचं कापड त्या वर्षीच्या कुणाच्या तरी कपड्याचं घेते. त्यात आता लेकाच्या शाळेचा शर्ट पण आहे.

कृष्णाकाठ
दादा :) ठिगळाची कल्पना फार म्हणजे फार आवडली.

माणदेशी
वाकळ निघाली म्हणून घोंगडी सांगतो. आमच्या माणात लोकरीचं काम अजून हाय पण मागं पडत चाललंय. दख्खनी मेंढीची लोकर, घरच्या बायका सूत काढणार, मग खड्डा मागावर विणायची, त्यावर चिंचोक्याची खळ. ती खळ असती म्हणून नवी घोंगडी ताठ असती, लोकांना वाटतं टोचती म्हणजे खराब माल. अहो वापरा की! वापरून वापरून मऊ होती, पावसात डोक्यावर घेतली तर पाणी लवकर आत येत नाय. आजकाल मशीनची चादर घोंगडी म्हणून खपवत्यात, ती उजेडात धरून बघा, हातमागाचीला काठ सरळ नसतो आणि सुताची जाडी सारखी नसती. पुण्याची लोकं घेऊन सोफ्यावर टाकत्यात, टाकू द्या, घेत्यात हेच लई झालं.

सायकल आणि कालवे
साताऱ्याची, सध्या नेदरलँड्समध्ये. धागा वाचून राहवलं नाही कारण वापरायचं की जपायचं हाच वाद इकडच्या जुन्या संगीतवाल्यांनी शंभरएक वर्षांपूर्वी घातलाय आणि त्यातून मधला रस्ता काढलाय.

युरोपात बाख हा मोठा संगीतकार १७५० साली गेला, त्यानंतर हळूहळू पियानोसारखं पट्ट्यांचं हार्प्सिकॉर्ड, गजानं वाजवायची व्हायोला दा गाम्बा, तारा छेडायचं ल्यूट, रेकॉर्डर नावाची लाकडी बासरी, ही वाद्यं मैफलीतून गेलीच. हार्प्सिकॉर्डच्या जागी पियानो आला. वाद्यं उरली संग्रहालयात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. मग आर्नोल्ड डोल्मेच नावाचा माणूस इंग्लंडमध्ये बसून जुनी वाद्यं दुरुस्त करायला लागला, जुने ग्रंथ वाचून ती कशी वाजवायची ते शोधायला लागला, आणि शेवटी स्वतःच्या हातानं नवी घडवायला लागला. म्हणजे मूळ वाद्य मोजून मापून ठेवायचं आणि त्याच मापाची नक्कल वाजवायची. आज इकडं जो सगळा जुन्या संगीताचा पसारा आहे त्याच्या मुळाशी असे सुतारकाम करणारे संगीतवेडे आहेत. उत्रेख्तला १९८२ पासून दरवर्षी जुन्या संगीताचा महोत्सव भरतो, मी जाते. गाम्बाचे पडदे धातूचे नसतात, आतड्याची तात दांडीला गाठ मारून बांधतात आणि सरकवून सूर जुळवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सतारीचे सरकते पडदे आठवले आणि मी शेजारच्या आजीबाईंना उगाचच मिरजेबद्दल सांगत बसले. आणि तिकडचे बरेच लोक सूरही जुन्या पट्टीला लावतात, आजचा सेकंदाला ४४० कंपनांचा असतो तो ४१५ ला, म्हणजे साधारण अर्धा स्वर खाली. सगळं कसं उबदार आणि निवांत वाटतं.

चौथी तार
वा! आपल्याकडं मात्र एक बरं की परंपरा तुटली नाही, त्यामुळं पुस्तक वाचून शोधायची वेळ आली नाही.

फिरती तबकडी
तुटली नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. रुद्रवीणा वाजवणारे किती उरलेत? सारंगीचं काय झालं? पेटीनं तिची जागा घेतली. आणि परंपरा चालू असली तरी गाणं बदलतंच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५च्या सुमाराच्या मुद्रणातला आवाज आणि तीसच्या दशकातला आवाज शेजारी ठेवून ऐका, मग कळतं किती प्रवास झाला. यासाठीच रेकॉर्डी लागतात. एका बाजूला मावणाऱ्या तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडायचा म्हणजे फालतू एक स्वर नाही.

कलकत्त्यात १९०२ साली गौहर जाननं गायलेल्या रेकॉर्डी आपल्याकडच्या पहिल्या व्यावसायिक मुद्रणांतल्या. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या लोकांना कळायला हवं लेबल कुणाचं लावायचं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. विजेवरचं मुद्रण १९२५ नंतर आलं. तुमच्या ट्रंकेत भोंग्याच्या काळातल्या काही निघाल्या तर त्या मात्र स्टीलच्या सुईखाली घालू नका, हात जोडून विनंती.

आयर्विनची पातळी
सगळं ठीक आहे पण गावभागातलं, म्हणजे नदीकाठचं घर म्हणताय तर पुराचं बघा आधी. २०१९ला आमच्या गल्लीत लोकांची कागदपत्रं, फोटो, पेट्या, सगळं चिखलात. ट्रंका पहिल्या मजल्यावर, आणि तळाला नव्हे, फळीवर. ओले फोटो एकमेकांना चिकटले तर ओढून सोडवायचे नाहीत, स्वच्छ पाण्यात भिजवून हळू वेगळे करून चित्र वर ठेवून सुकवायचे. रेकॉर्ड पाण्यानं जात नाही पण लेबल जातं, आणि लेबल गेलं की काय गाणं आहे तेच कळत नाही. म्हणून सगळ्या लेबलांचे फोटो काढा, पण नुसते फोनमध्ये नको, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं पण एक प्रत.

हळदीचं पोतं
हे मात्र खरंय. आमच्या मावशीची पेटी गेली त्या पुरात. अजून ती पेटीचा विषय निघाला की उठून आत जाते.

ढब्बू पैसा
नाण्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. ती काळी पडलेली तशीच ठेवा. चिंच, लिंबू, ब्रासो, काहीही लावू नका, घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी पार उतरते आणि अक्षरंही जातात. भिंगाखाली बघा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडं 'छत्र पति' वाचता आलं तर शिवराई आहे. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतील तर तिला दुदांडी म्हणतात, ती उशिराची. शिवराई महाराजांनंतरही कितीतरी वर्षं पाडली जात होती त्यामुळं शिवराई सापडली म्हणजे थेट महाराजांच्या काळातली असं समजू नका, पण म्हणून तिचं मोल कमी होत नाही. आपल्या पणजोबांनी त्या पैशानं बाजार केलाय!

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हनुमानाचं किंवा रामदरबाराचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं, १८१८ वगैरे साल घातलेलं नाणं कुणी लाखाला विकत असेल तर हात जोडून निघा. कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तसंच तांदूळ ओढणारं भांडं, म्हणजे ते राईस पुलर, निव्वळ फसवणूक आहे, आपल्या भागात त्यात शिकलेली माणसं पण बुडालीत.

कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना ७५ वर्षं. घरात असायला हरकत नाही, मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा प्रकारांची नोंदणी लागते, धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि परदेशी पाठवता येत नाही. सायकल आणि कालवे, शिवराई तिकडं मागवू नका :) आणि जमिनीत पुरलेलं सापडलं तर ते १८७८च्या निखात निधीच्या कायद्यात जातं, सरकारला कळवावं लागतं. माळ्यावरच्या बटव्याला ते लागू नाही, घाबरू नका.

कृष्णाकाठ
घाबरलो नाही पण लिंबू हातातून खाली ठेवलं! बरं झालं वेळेत लिहिलंत. आत्ता भिंगातून बघितली, दोनावर 'छत्र पति' स्वच्छ दिसतंय, आई पण येऊन बघून गेली.

भावाला अख्खा धागा वाचायला दिला. तो म्हणतो तबकडीवाल्यांचं पटलं. म्हणजे असं ठरतंय की आधी एकेक रेकॉर्ड इलेक्ट्रिकवर उतरवायची (प्लेअर तो आणणार, ७८च्या सुईसकट), मग करड्या खाचांच्या आणि सहज मिळणाऱ्या रविवारी ग्रामोफोनवर, गल्लीत ज्याला यायचं त्यानं यावं. तंबोरा गुरुवारी मिरजेला नेतोय. वाकळा वापरात. वाईकर, तुमचं म्हणणंही सोडलेलं नाही, भोंग्याच्या काळातलं काही निघालं तर ते घरात अडकवून ठेवणार नाही, जिथं नीट सांभाळतील आणि ऐकू देतील तिथं देऊ.

वाईकर
मग माझा विरोध संपला. रविवारी येतो. घंगाळं घेऊन येऊ का?

चौथी तार
मिरजेला येताय तर दर्ग्यात पण जाऊन या. खाँसाहेब तिथंच विसावलेत, ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात त्यांच्या पुण्यतिथीची मैफल होते. दर्ग्यातल्या चिंचेखाली बसून ते गायचे असं आमच्याकडं सांगतात. आणि घोडी बघून घ्या, जुनी शिंगाची किंवा हाडाची असेल तर बदलू देऊ नका, त्यावरच जवारी काढून मागा.

सायकल आणि कालवे
एक विचारते. उतरवलेली गाणी इथं ऐकवता येतील का, की हक्काची भानगड आहे? इकडं बसून ऐकायला मिळालं तर फार आनंद होईल.

फिरती तबकडी
आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा असतो. त्यामुळं १९६०च्या आधीची रेकॉर्ड असेल तर मुद्रणाचा हक्क संपलाय. मात्र कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तेव्हा नाट्यपदं-भावगीतं टाकताना ते बघावं लागेल. रागदारीच्या जुन्या बंदिशींना ही अडचण सहसा येत नाही.

कृष्णाकाठदादा, लेबलाचा फोटो काढताना लेबलच्या बाहेर लाखेत कोरलेला बारीक नंबर असतो, तो पण घ्या. टॉर्च आडवा धरला की दिसतो. तो मॅट्रिक्स नंबर, त्यावरनं मुद्रणाचा काळ लागतो, लेबल नंतर बदललं असलं तरी. पहिल्या ट्रंकेतले टाका, मी यादी करायला घेतो.